स्वातंत्र्य हवं, पण कोणापासून?

अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेसमध्ये, फ्लोरिडा नावाचा बाजाररस्ता आहे. गाड्यांना बंदी, दोन्ही बाजूंना दुकानं, मधून माणसांचा लोंढा. या लोंढ्यात काही जण वर्षानुवर्षं नुसते उभे असतात. हातात माल नाही, पुढ्यात टेबल नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत "काम्बिओ, काम्बिओ" एवढंच म्हणत राहायचं. डॉलर बदलायचेत का, असा त्याचा अर्थ. तुम्ही मान हलवलीत की तो तुम्हाला एखाद्या दुकानामागच्या खोलीत नेणार, नाहीतर जिना चढून वरच्या ऑफिसात. अशा माणसाला तिकडे 'आर्बोलितो' म्हणतात, म्हणजे छोटं झाड. एका जागी उभा असतो आणि हातात हिरव्या नोटा, म्हणून झाड. ज्या खोलीत व्यवहार होतो ती 'क्वेव्हा', म्हणजे गुहा.

धंदा बेकायदा, पण चालायचा भर रस्त्यात. कारण अर्जेंटिनाच्या सरकारने डॉलर विकत घेण्यावर निर्बंध घातले होते. २०१९ च्या अखेरीपासून सामान्य माणसाला अधिकृत दराने महिन्याला फार तर २०० डॉलर घेता यायचे, आणि तेही नाना अटी पाळून. या निर्बंधाला लोकांनी नाव दिलं होतं 'सेपो'. सेपो म्हणजे खोडा, गुन्हेगाराच्या पायात अडकवायचा लाकडी खोडा. तिकडे पेसोची, म्हणजे त्यांच्या चलनाची, किंमत डोळ्यांदेखत वितळत होती. २०२३ या एका वर्षात महागाई २११ टक्क्यांनी वाढली. पगार झाला की त्याच आठवड्यात तो कशात तरी घालून मोकळं व्हायचं, असा हिशेब घराघरात. स्वतःच्या कमाईची बचत कशात ठेवायची हे ठरवायची मुभा नाही, हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच प्रश्न आहे. 'हे तर नुसतं आर्थिक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

डिसेंबर २०२३ मध्ये हाविएर मिलेई राष्ट्राध्यक्ष झाले. प्रचारात करवत, म्हणजे खरीखुरी इंजिनवाली करवत, हातात घेऊन फिरणारे आणि प्रत्येक भाषणाचा शेवट 'स्वातंत्र्य चिरायू होवो' या घोषणेला एक कचकचीत शिवी जोडून करणारे अर्थतज्ज्ञ. ते स्वतःला लिबर्टेरियन, म्हणजे सरकारने माणसाच्या आयुष्यात शक्य तितकं कमी पडावं असं मानणारे, म्हणवतात. त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये सामान्य नागरिकांच्या पायातला हा खोडा काढला. त्याआधी, सत्तेवर येऊन दहा दिवस होतात न होतात तोच, एका फटक्यात शेकडो कलमांचा आदेश काढून घरभाड्याचा कायदाही मोडीत काढला. भाडेकरार किमान तीन वर्षांचाच हवा, भाडं पेसोमध्येच हवं, असल्या अटी गेल्या. कुलूप लावून ठेवलेली घरं पुन्हा भाड्याने मिळू लागली.

इथवर सगळं त्यांच्या घोषणेला धरून झालं. पण त्याच डिसेंबरात त्यांनी संसदेत एक भलंमोठं विधेयक पाठवलं, आणि त्यात एक कलम होतं: सार्वजनिक जागी तीन किंवा अधिक माणसं ठरवून एकत्र येणार असतील तर ४८ तास आधी सुरक्षा मंत्रालयाला कळवायचं. तीन माणसं! आपल्याकडची जमावबंदीसुद्धा एरवी पाचांपासून सुरू होते. ओरड झाल्यावर आकडा तीसवर गेला आणि पुढे ते कलम बारगळलं. पण रस्ता अडवणाऱ्या मोर्चांविरुद्धची नियमावली त्यांच्या सुरक्षामंत्र्यांनी पहिल्या आठवड्यातच लागू केली होती. बंदोबस्ताचा खर्च मोर्चा काढणाऱ्या संघटनेकडून वसूल करू, असंही सांगितलं होतं. मार्च २०२५ मध्ये पेन्शनरांच्या मोर्च्यात पोलिसांनी सोडलेलं अश्रुधुराचं नळकांडं एका छायाचित्रकाराच्या डोक्यात बसलं आणि तो मरणाच्या दारात जाऊन आला.

गर्भपाताचं बघा. अर्जेंटिनात डिसेंबर २०२० मध्ये १४ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर झाला. मिलेई त्याला उघडउघड खून म्हणतात, आणि २०२४ मध्ये आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांसमोर भाषण करतानाही त्यांनी तेच सांगितलं. माणसाला स्वतःचा अवयव विकायचा असेल तर विकू द्या, तोही एक बाजारच आहे, असं राष्ट्राध्यक्ष होण्याआधी हेच गृहस्थ म्हणाले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या सरकारने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लिंगबदलाच्या उपचारांवर आदेश काढून बंदी घातली. ती बंदी योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण मूल, आईबाप आणि डॉक्टर यांच्यात सरकारने येऊ नये, हा तर लिबर्टेरियन मंडळींचा जुना मंत्र. तो त्या दिवशी कुठे गेला होता?

म्हणजे मिलेई ढोंगी आहेत का? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्यासाठी हा लिबर्टेरियन विचार मुळात काय सांगतो ते आधी बघायला हवं.

मराठीत याला नेमका शब्द नाही. 'उदारमतवादी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रानडे-गोखले येतात. अमेरिकेत 'लिबरल' म्हणजे तर सरकारने जास्त काम करावं असं मानणारा, म्हणजे जवळजवळ उलटाच. शेतकरी संघटनेच्या मंडळींनी 'स्वतंत्रतावादी' असा शब्द वापरला, तो त्यातल्या त्यात जवळचा. पण मी इथे लिबर्टेरियनच म्हणतो, कारण बाकी कुठलाही शब्द घेतला तरी भलताच माणूस समोर उभा राहतो.

विचाराचा पाया एका वाक्यात मावतो: माझ्या शरीराचा मालक मी. शरीर माझं म्हणून मेहनत माझी, मेहनत माझी म्हणून कमाई माझी. यातलं काहीही माझ्या संमतीशिवाय कोणी हिसकावू नये, आणि मीही कोणाचं हिसकावणार नाही. आधी हात उचलायचा नाही, बस्स. सरकारलाही हाच नियम. कर न भरल्यास तुरुंगात टाकू, असं सरकार म्हणतं तेव्हा तोही हात उचलणंच, असं कडवा लिबर्टेरियन मानतो. ज्यात दुसऱ्या कोणाचं नुकसान नाही असा 'गुन्हा' तर त्याला मुळीच मान्य नसतो. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी १९४९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि बाटलीबरोबर एक दिवसाचा परवाना फाडायची सोय आहे, हे अशा माणसाला सांगा. तो आधी हसेल आणि मग तासभर बोलेल.

डेव्हिड नोलन नावाच्या अमेरिकन कार्यकर्त्याने हे कागदावर मांडलं. राजकारण डावं-उजवं अशा एकाच रेघेवर बसवू नका, दोन रेघा घ्या. एका रेघेवर पैशाच्या व्यवहारातलं स्वातंत्र्य, दुसरीवर खाजगी आयुष्यातलं. डावे दुसरं देतात आणि पहिलं आवळतात, उजवे पहिलं देतात आणि दुसरं आवळतात. दोन्ही पूर्ण द्या म्हणणारे ते लिबर्टेरियन, चौकोनाच्या वरच्या टोकाला. याच नोलनच्या पुढाकाराने डिसेंबर १९७१ मध्ये कोलोरॅडोत लिबर्टेरियन पक्ष स्थापन झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन यांना एक इलेक्टोरल मत, म्हणजे राष्ट्राध्यक्ष-उपाध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींपैकी एकाचं मत, मिळालं. अमेरिकेच्या इतिहासात बाईला मिळालेलं ते पहिलं. तेही एका रिपब्लिकन प्रतिनिधीने पक्षादेश झुगारून दिलेलं, तेव्हा सुरुवात तरी शोभेशी झाली.

आता या चौकोनाची गोम सांगतो. कागदावर दोन्ही रेघा सारख्याच लांबीच्या दिसतात. पण विचाराच्या मुळाशी मालकी आहे. खाजगी आयुष्याचं स्वातंत्र्य हे मालकीच्या खोडाला फुटलेली फांदी. त्यामुळे कुठे मालकी आणि मोकळीक यांची टक्कर झाली की लिबर्टेरियन नेत्याचा हात आपोआप मालकीकडे जातो. आणि दुसरं, अत्याचार करणारा कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं: सरकार. बेडी घालणारा नवरा असेल, जात असेल, मालक असेल, तर त्यांच्या शब्दकोशात त्याला चटकन नाव सापडत नाही.

अमेरिकेत या विचाराचा सगळ्यांत लाडका नेता म्हणजे रॉन पॉल. टेक्सासचे डॉक्टर, चार हजारांवर बाळंतपणं केलेले, अनेक वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, पुढे २००८ आणि २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षात उमेदवारीसाठी लढले. माणूस सरळ, मताला पक्का, विकला न जाणारा. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच पुढचं लिहितो.

१९९८ मध्ये टेक्सासातल्या ह्यूस्टन शहरात एका फ्लॅटमध्ये बंदूक घेऊन कोणी गोंधळ घालतोय, अशी खोटी तक्रार पोलिसांकडे गेली. पोलीस आत घुसले. बंदूक नव्हती. दोन पुरुषांना त्यांनी समलैंगिक संबंधांच्या गुन्ह्याखाली उचललं. रात्र कोठडीत गेली, पुढे दंड झाला. स्वतःच्या घरात, बंद दाराआड, दोन सज्ञान माणसं आपसात, आणि आत घुसलेले पोलीस: लिबर्टेरियन विचार शिकवायला याहून चोख उदाहरण मुद्दाम रचूनही मिळालं नसतं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी टेक्सासचा तो कायदा रद्द केला. (आपल्याकडे कलम ३७७ बाबत ही पहाट उगवायला सप्टेंबर २०१८ उजाडलं, तेव्हा फार हसू नये.)

रॉन पॉल यांनी या निकालावर टीका केली. त्यांचं म्हणणं असं, की हे कायदे हास्यास्पद असतील, पण खाजगीपणाचा असा कुठला हक्क राज्यघटनेत लिहिलेलाच नाही. टेक्सासने काय कायदा करावा हे टेक्सास ठरवेल, वॉशिंग्टनमधल्या न्यायाधीशांनी नाक खुपसू नये. एवढ्यावर ते थांबले नाहीत. लैंगिक वर्तन, गर्भपात, धर्म या बाबतींत राज्यांच्या कायद्यांविरुद्धचे दावे केंद्रीय न्यायालयांनी ऐकूच नयेत, असं विधेयकही त्यांनी अनेकदा मांडलं.

इथे थोडं थांबून बघा. ज्याच्या घरात पोलीस घुसले त्याला वर्दीवर केंद्राचा बिल्ला आहे की राज्याचा, याने काय फरक पडतो? बेडी तीच, रात्रीची कोठडी तीच. पण पॉल यांच्या लेखी तो फरक मोठा होता. त्यांचं स्वातंत्र्य म्हणजे वॉशिंग्टनपासून स्वातंत्र्य. राज्याने माणसाला छळलं तर त्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहायला जावं, असा त्यातून निघणारा मार्ग. ज्याचं घर, नोकरी, आईबाप तिथेच आहेत त्याला हा सल्ला किती उपयोगी, ते ज्याने त्याने ठरवावं. घटनेचा अर्थ म्हणून ही भूमिका प्रामाणिक असू शकते. व्यक्तिस्वातंत्र्याची भूमिका म्हणून ती अर्ध्या वाटेवर थांबते.

मालकीच्या टकरीचं उदाहरण याहून बोचरं आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. दुकानात बाकी सगळीकडे त्यांचे पैसे चालत. टूथपेस्ट घ्या, वह्या घ्या. पण खाण्याच्या काउंटरवर बसायला मनाई, ती जागा गोऱ्यांची. चौघं जाऊन बसले, कॉफी मागितली, मिळाली नाही, दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. हे लोण गावोगाव पसरलं आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, खाणावळी यांना असा भेदभाव करायला बंदी घातली. २००४ मध्ये त्या कायद्याच्या चाळीशीनिमित्त गौरवाचा ठराव आला तेव्हा काँग्रेसच्या सभागृहात एकट्या रॉन पॉल यांनी विरोधात मत दिलं. त्यांचे चिरंजीव रँड पॉल २०१० मध्ये सिनेटची निवडणूक लढवत असताना एका मुलाखतीत याच प्रश्नावर अडखळले: सरकारी भेदभाव संपवला ते उत्तम, पण खाजगी दुकानदाराला सक्ती करणं पटत नाही, असा त्यांचा सूर. बोंब झाल्यावर, मी त्या कायद्याच्या बाजूने मत दिलं असतं, असा खुलासा आला.

त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं एक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत वेगळे डबे, वेगळे नळ हे निव्वळ दुकानदारांच्या मर्जीने चाललेलं नव्हतं. राज्यांनी तसे कायदेच केले होते. तेव्हा सरकार हेही खलनायक होतं, हे खरं. पण ते कायदे उद्या उठले असते तरी काउंटरवरची ती चार स्टुलं आपोआप मोकळी झाली असती, असं मानायला बराच भाबडेपणा लागतो.

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटायला हवा. महाडचं चवदार तळं सगळ्यांसाठी खुलं झाल्याचा नगरपालिकेचा ठराव होता, आणि मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे पाणी प्यायले. त्यानंतर विरोधक कोर्टात गेले ते कुठला मुद्दा घेऊन? तळं सार्वजनिक नाही, आमच्या खाजगी मालकीचं आहे, म्हणून कोणाला येऊ द्यायचं ते आम्ही ठरवू. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांना मनाईहुकूमही मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागेपर्यंत १९३७ साल उजाडलं. खाजगी मालकी हा शब्द किती सहज कुंपणासारखा वापरता येतो, हे आपल्याकडे कोर्टाच्या कागदांत नोंदलेलं आहे.

लिबर्टेरियनांमध्ये सगळेच पॉल यांच्यासारखे नाहीत. गॅरी जॉन्सन यांचं बघा. न्यू मेक्सिकोचे हे रिपब्लिकन गव्हर्नर १९९९ मध्ये, पदावर असतानाच, गांजा कायदेशीर करा म्हणाले. आज अमेरिकेत जवळजवळ निम्म्या राज्यांत तो दुकानात मिळतो, पण तेव्हा असं बोलणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पुढे ते लिबर्टेरियन पक्षात आले. २०१६ च्या उमेदवारीसाठीच्या चर्चेत त्यांना प्रश्न आला: ज्यू बेकरीवाल्याने नाझी गिऱ्हाइकाला केक करून द्यायलाच हवा का? जॉन्सन म्हणाले, हवा. पक्षातले लोक हबकले. त्यांच्या दृष्टीने बेकरी ज्याची, निर्णय त्याचा. जॉन्सन यांचा मुद्दा असा, की धर्माच्या नावाने गिऱ्हाईक हाकलायची मुभा एकदा दिली की भेदभावाला रान मोकळं होतं. उत्तर मला पूर्ण पटतं असं नाही, नाझी केक कोणाच्याही गळी उतरणं कठीणच. पण काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचंही काही स्वातंत्र्य असतं, हे त्यांना दिसलं होतं.

एवढं सगळं वाचून लिबर्टेरियन म्हणजे श्रीमंतांचे वकील असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तोही खोटा ठरेल. सरकार बंदूक आणि दुर्बीण घेऊन माणसाच्या मागे लागतं तेव्हा ही मंडळी बाकीच्यांच्या आधी उभी राहिलेली आहेत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पाळत ठेवायचे अमाप अधिकार देणारा पॅट्रियट कायदा आला तेव्हा सभागृहात त्याला विरोध करणारे रिपब्लिकन तिघेच, त्यात रॉन पॉल. इराक युद्धाच्या ठरावाला विरोध करणारे रिपब्लिकन सहा, त्यातही तेच. ६ मार्च २०१३ रोजी रँड पॉल सिनेटमध्ये बोलायला उभे राहिले ते जवळजवळ तेरा तास. प्रश्न एकच: अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकन नागरिकाला, खटल्याशिवाय, ड्रोनने मारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे का? उदारमतवादाचा टिळा लावलेले बहुतेक डेमोक्रॅट त्या दिवशी गप्प होते, कारण राष्ट्राध्यक्ष त्यांचे होते. शेवटी निसर्गाच्या हाकेपुढे पॉल यांनी हार मानली, पण दुसऱ्या दिवशी अ‍ॅटर्नी जनरलचं दोन ओळींचं उत्तर आलं: नाही.

त्याच वर्षी एडवर्ड स्नोडेन या गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या माणसाने सरकारी पाळतीचं भांडं फोडल्यावर मिशिगनचे जस्टिन अमाश यांनी सगळ्यांच्या फोनच्या नोंदी गोळा करणं थांबवणारी दुरुस्ती आणली. २०५ विरुद्ध २१७ मतांनी ती पडली, पण दोन्ही पक्षांतले बंडखोर तिच्यामागे एकत्र आले होते. २०२० मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल शहरात पोलिसांनी मध्यरात्रीनंतर ब्रिओना टेलर या तरुणीच्या घराचं दार फोडलं आणि गोळीबारात ती मेली. दार न ठोठावता घुसायचे वॉरंट बंद करा, असं विधेयक तिच्या नावाने सिनेटमध्ये आणलं ते रँड पॉल यांनीच. दुकानदाराच्या हक्कासाठी अडून बसलेला माणूस इथे बरोबर दाराशी उभा आहे, कारण इथे दार फोडणारं सरकार आहे. अत्याचारी वर्दीत असला की त्यांची नजर घारीची.

गर्भपाताबद्दल मघाशी अर्धवट सोडलं होतं. तिथे ढोंगाचा आरोप करण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की 'आधी हात उचलू नये' या नियमात गर्भ कोण, याचं उत्तर येत नाही. गर्भ ही वेगळी व्यक्ती मानली तर गर्भपात म्हणजे हात उचलणं. बाईच्या शरीराचा भाग मानला तर सरकारचा काय संबंध? रॉन पॉल, रँड पॉल, अमाश, मिलेई, सगळे पहिल्या बाजूचे. लिबर्टेरियन पक्षाने मात्र बरीच वर्षं मधला मार्ग धरला होता: दोन्ही मतं सद्हेतूची असू शकतात, म्हणून सरकारने यात पडूच नये. मला तो समंजस वाटायचा. मे २०२२ मध्ये रेनो शहरातल्या अधिवेशनात पक्षाचा ताबा मिझेस नावाच्या कट्टर गटाकडे गेला आणि जाहीरनाम्यातलं हे कलमच काढून टाकलं गेलं. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क रद्द करून विषय राज्यांकडे सोपवला. ज्या क्षणी बोलायचं नेमक्या त्याच क्षणी पक्षाचा जाहीरनामा मुका.

असं का होतं? कारणं तत्त्वज्ञानात कमी आणि बेरजेत जास्त आहेत. या पक्षाची आजवरची सर्वोत्तम कामगिरी २०१६ मधली, जॉन्सन यांची, ३.२७ टक्के मतं. जो सर्वांत पुढे तो जिंकला, या पद्धतीत तीन टक्क्यांना एकही जागा मिळत नाही. म्हणून सत्तेची इच्छा असलेला लिबर्टेरियन रिपब्लिकन पक्षाच्या दारातून आत शिरतो. तिथे उमेदवारी ठरवणारे मतदार करकपातीवर खूश असतात, पण गांजा, समलिंगी विवाह, मोकळ्या सीमा यांवर कपाळाला आठ्या घालतात. मग एक रेघ जोरात ओढली जाते आणि दुसरीवर आवाज हळू होतो. मिलेई यांनाही उपाध्यक्षपदासाठी कट्टर परंपरावादी व्हिक्टोरिया व्हिलारुएल आणि दुसऱ्या फेरीसाठी जुन्या उजव्या पक्षाची रसद लागली. मे २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प लिबर्टेरियन अधिवेशनात भाषणाला आले. लोकांनी हुर्यो उडवली, तेव्हा ते म्हणाले, हरायचंच असेल तर दर चार वर्षांनी आपले तीन टक्के घेत बसा. त्याच भाषणात, इंटरनेटवरच्या अमली पदार्थांच्या बाजारपेठेबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या रॉस उल्ब्रिक्टला सोडायचं आश्वासन दिलं आणि जानेवारी २०२५ मध्ये पाळलंही. सौदा रोकडा होता.

परदेशात जाऊन राहायचं स्वातंत्र्य हा आणखी एक विषय, तो मराठी घरांना थेट भिडतो. कोणी कुठे काम करावं हे दोन माणसांमधल्या कराराने ठरावं, सरकारने मध्ये पडू नये, असं हा विचार सांगतो. तरी रॉन पॉल जन्मसिद्ध नागरिकत्व रद्द करा म्हणायचे. मात्र नोकरीवरच्या ग्रीन कार्डांना असलेली दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा उठवा आणि एकूण संख्या वाढवा, असं विधेयक २०१९ मध्ये रँड पॉल यांनी मांडलं होतं. ते पुढे सरकलं नाही. न्यू जर्सीत भाड्याच्या घरात ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा वर्षं काढलेल्या आपल्या मंडळींना हे नाव ठाऊक असायला हरकत नाही.

आपल्याकडे याच विचाराचा सगळ्यांत ठाम नेता होता शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून १९७७ मध्ये ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि कांद्याच्या भावावरून आंदोलन उभं केलं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा अस्सल लिबर्टेरियन आहे: अनुदान नको, निर्यातबंदी उठवा, आमच्या मालाच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधून बाजूला व्हा. स्वतंत्र भारत पक्ष काढला, राज्यसभेत गेले, आणि राजकीय पक्षांना समाजवादाची शपथ घ्यायला लावणारा शब्द कायद्यातून काढा म्हणून खाजगी विधेयक आणलं. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध एक मतांनी मंजूर झालं. तो एक म्हणजे जोशी. चिठ्ठ्या टाकून आणि दर निवडणुकीला फिरवून राखीव मतदारसंघ ठरवले, तर कुठलीच बाई मतदारसंघ बांधू शकणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

नागरी हक्क कायद्याच्या गौरवाच्या ठरावाविरुद्ध रॉन पॉल यांनी दिलेल्या एकट्या मतासारखंच हे दिसतं. पण जोशींच्या मागे चांदवड होतं. १९८६ मध्ये शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन त्यांनी तिथे भरवलं होतं, आणि बाईला लुटणारं फक्त सरकार नाही, घरातही तिच्या घामाचा हिशेब कोणी ठेवत नाही, हे ते शेतकऱ्यांना तोंडावर सांगत. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. कायदा नाही, सक्ती नाही, आरक्षण नाही. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर जणांनी असं केलं, तिथे जोशी स्वतः जात.

सरकारला यात कुठेच जागा नव्हती. फक्त सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला तलाठ्याकडे जावं लागायचं.